मोटारीतील रेडिओचे स्थलांतर

मोटारीच्या डॅशबोर्डवर रेडिओ कोठे असावा हे ज्याने ठरविलेले असते, त्याला ती मोटार रोज चालवावयाची नसते. वाऱ्याच्या झडपा, वातानुकूलनाच्या कळी, घड्याळ, चिल्लर ठेवण्याचा कप्पा या साऱ्यांची वाटणी झाल्यावर उरेल ती जागा रेडिओच्या वाट्याला येते. कित्येक जुन्या छोट्या मोटारींत ही उरलेली जागा गिअरच्या दांड्यापुढे, जवळजवळ गुडघ्याच्या उंचीवर आहे. केंद्र बदलावयाचे तर मान खाली घालावी लागते आणि पहिला किंवा तिसरा गिअर पडलेला असला की दांड्याची मूठ नेमकी कळींच्या आड येते. अशा वेळी रेडिओ वर घ्यावा, असे वाहनधारकास वाटणे स्वाभाविक आहे. हे काम एखाद्या रविवारी घरच्या घरी करता येण्यासारखे आहे. मात्र डॅशबोर्डला खाच पाडणे हा त्यातील सर्वांत सोपा भाग आहे आणि तो सर्वांत शेवटी करावयाचा असतो. खरे काम त्या खाचेमागे आहे.

वास्तविक रेडिओ आणि त्याच्या कळी एकाच ठिकाणी असल्या पाहिजेत, असा आरंभी दंडक नव्हता. जर्मनीतील ब्लाउपुंक्टने १९३२ साली बाजारात आणलेला मोटारीचा रेडिओ इतका अवजड होता, की मुख्य पेटी दुसरीकडे बसवून तिच्या कळी सुकाणूच्या दांड्यावर आणाव्या लागल्या. पुढे ट्रान्झिस्टर आले, संच लहान झाले आणि अखेर त्यांचा आकार ठरून गेला. जर्मन मानक संस्थेच्या नावावरून ज्याला ‘डिन’ म्हणतात तो हाच आकार. १९८४ साली आंतरराष्ट्रीय मानकात, म्हणजे आयएसओ ७७३६ मध्ये, त्याचा समावेश झाला. या संचाचा दर्शनी भाग १८० मिलिमीटर रुंद व ५० मिलिमीटर उंच असतो आणि त्यासाठी डॅशबोर्डात १८२ बाय ५३ मिलिमीटरची खाच लागते. ‘डबल डिन’ संच याच्या सुमारे दुप्पट उंचीचा. हे प्रमाणीकरण झाले म्हणूनच आज कोणत्याही कंपनीचा संच दुसऱ्या मोटारीत बसतो आणि म्हणूनच तो एका जागेवरून दुसऱ्या जागी हलविण्याचा विचारही करता येतो.

नजर किती खाली जाते?

स्थलांतराचे खरे कारण सोय हे नसून नजर हे आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाने धावणारी मोटार एका सेकंदात सुमारे १७ मीटर अंतर तोडते. रेडिओकडे दोन सेकंद पाहिले, तर ३३ मीटर रस्ता न पाहता पार झालेला असतो. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाने २०१३ साली मोटारउत्पादकांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. डॅशबोर्डवरील उपकरण हाताळताना रस्त्यावरून हटलेली नजर एका वेळी दोन सेकंदांहून अधिक काळ तेथे राहू नये आणि एक काम पुरे होण्यास अशा सर्व नजरा मिळून १२ सेकंदांहून अधिक लागू नयेत, असे त्यांत म्हटले आहे. जपानी मोटारउत्पादकांच्या संघटनेचाही एक उपयुक्त दंडक आहे : चालकाच्या डोळ्यांच्या पातळीपासून पडदा ३० अंशांहून अधिक खाली नसावा.

हा ३० अंशांचा हिशेब घरी करता येतो. आपल्या नेहमीच्या बैठकीत बसावे आणि दुसऱ्या कोणाला तरी डोळ्यांपासून डॅशबोर्डपर्यंतचे आडवे अंतर टेपने मोजावयास सांगावे. ते ७५ सेंटिमीटर भरले, तर संच डोळ्यांच्या पातळीपासून ४३ सेंटिमीटरपेक्षा खाली असू नये. अन्य अंतरांसाठी आडव्या अंतरास ०.५८ ने गुणावे. आपल्या मोटारीतील सध्याची जागा या मर्यादेत बसत असेल, तर निव्वळ हौसेखातर डॅशबोर्ड उघडू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो आणि रेडिओ डाव्या हाताने चालवितो, हीदेखील ध्यानात ठेवण्यासारखी गोष्ट. बाजारातील बहुसंख्य संचांवर आवाजाची कळ डाव्या टोकाला असते. डावीकडे बसणाऱ्या परदेशी चालकाला ती जवळ पडते, आपल्याला मात्र तीच सर्वांत दूर. म्हणून जागा निवडताना संचाचा मध्य मोजण्याऐवजी त्याच्या डाव्या टोकापर्यंत हात सहज पोहोचतो का, ते पाहावे.

जागा कोणती निवडावी?

सर्वांत निर्धोक उपाय म्हणजे अदलाबदल. अनेक मोटारींत रेडिओच्या वर किंवा खाली नेमक्या एका डिनच्या मापाचा रिकामा कप्पा असतो. तो खाली घेऊन रेडिओ त्याच्या जागी वर चढविता आला, तर काहीही कापावे लागत नाही आणि मोटार विकताना सारे पूर्ववत करता येते. वातानुकूलनाच्या कळी आणि रेडिओ यांची अदलाबदलही वरवर पाहता अशीच सोपी दिसते. प्रत्यक्षात त्या कळींमागे पोलादी तारांच्या केबल असतील, तर त्या मोजून मापून बेतलेल्या असतात. त्या ताणल्या किंवा वाकविल्या की गरम हवेची झडप पुरती बंद होत नाही. तेथे हात न घातलेला बरा.

डॅशबोर्डच्या खाली पट्टीने संच टांगण्याची पद्धत जुन्या टॅक्सींत सर्रास होती. अपघातात गुडघा नेमका तेथेच आदळतो, हे लक्षात घेता ती पद्धत त्याज्य समजावी. डॅशबोर्डच्या माथ्यावर संच ठेवणे नजरेच्या दृष्टीने उत्तम; पण तेथे उन्हाचा तडाखा बसतो, रात्री पडद्याचे प्रतिबिंब पुढच्या काचेत उमटते आणि सहप्रवाशाची एअरबॅग उघडण्याची जागाही बहुधा तीच असते. हातमोज्यांचा कप्पा, म्हणजे ग्लोव्ह बॉक्स, हा एक शहाणपणाचा पर्याय आहे. ज्यांना फोनवरून ब्लूटूथने गाणी ऐकावयाची आहेत, आणि आवाजाची कळ सुकाणूवर किंवा रिमोटवर आहे, त्यांना संच डोळ्यांसमोर असण्याची गरजच काय?

मागे काय दडले आहे?

जागा मनात ठरली की पट्टी घेऊन खोली मोजावी. नेहमीचा संच सुमारे १६० मिलिमीटर खोल असतो. त्यामागे कनेक्टर आणि वायरींना वळण घेण्यासाठी आणखी ४० ते ५० मिलिमीटर लागतात. म्हणजे २० सेंटिमीटरहून थोडी अधिक मोकळी जागा हवी. पुष्कळदा ती पुढून दिसते तेवढी नसते. मधोमध वाऱ्याची नळी जाते, वायपरची यंत्रणा खाली उतरते, डॅशबोर्डाला आधार देणारी पोलादी आडवी नळी येते. ही नळी म्हणजे मोटारीच्या सांगाड्याचा भाग. तिला कानस लावणे किंवा भोक पाडणे सर्वथा वर्ज्य. जागा तोकडी पडत असल्यास सीडीची यंत्रणा नसलेले, कमी खोलीचे संच मिळतात, ते वापरावेत. सीडीचा संच असल्यास तो फार कलता बसवून चालत नाही, साधारणपणे ३० अंशांपर्यंतच कल चालतो.

एअरबॅगविषयी थोडे विस्ताराने सांगावयास हवे. भारतात १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत चालकासाठी आणि २०२१ पासून पुढील प्रवाशासाठीही एअरबॅग सक्तीची झाली. अनेक मोटारींत ती त्याआधीपासून होती. तिच्या वायरी बहुधा पिवळ्या आवरणात असतात किंवा त्यांचे कनेक्टर पिवळे असतात. या वायरी मोजू नयेत, कापू नयेत, त्यांना मल्टिमीटर तर मुळीच लावू नये. कारण मल्टिमीटरचा किंचित प्रवाहदेखील त्या परिपथात जाणे धोक्याचे. एअरबॅगच्या नियंत्रकात बॅटरी सोडविल्यानंतरही काही काळ ऊर्जा साठून राहते. म्हणून बॅटरी सोडविल्यावर मोटारीच्या पुस्तिकेत दिला असेल तितका वेळ थांबावे. पुस्तिका हाताशी नसेल, तर दहा मिनिटे चहा घेण्यात घालवावीत. नव्या जागेमागे पिवळी वायर दिसली, तर ती जागा सोडून द्यावी. या बाबतीत मध्यममार्ग नाही.

उघडण्यापूर्वी

संचाला चोरीप्रतिबंधक सांकेतिक क्रमांक असल्यास तो आधी शोधून ठेवावा. बॅटरी सुटताच असे संच मुके होतात आणि क्रमांकाचे ते लहानसे कार्ड बहुधा पुस्तिकेच्या पाकिटात विसावलेले असते. मग दहा नंबरच्या पान्याने बॅटरीचे ऋण टोक सोडवावे. आधी ऋणच का? धन टोक सोडविताना पाना चुकून मोटारीच्या पत्र्याला लागला, तर ठिणग्या उडतात. ऋण टोक आधीच सुटलेले असले, की तसे झाले तरी मंडल पुरे होत नाही.

संच पत्र्याच्या चौकटीत बसविलेला असतो. दर्शनी भागाच्या दोन्ही बाजूंना लहान छिद्रे किंवा फटी असतील, तर संचाबरोबर मिळालेल्या पत्र्याच्या किल्ल्या तेथे घालून तो पुढे ओढावा. काही मोटारींत मात्र भोवतालची प्लास्टिकची कड काढून चार स्क्रू सोडवावे लागतात. प्लास्टिकच्या क्लिपा थंडीत तडकतात, म्हणून हे काम भर दुपारी केलेले चांगले. पेचकसाला कापड गुंडाळावे, नाहीतर डॅशबोर्डावर कायमचे ओरखडे राहतात.

वायरींचा मामला

बहुसंख्य स्थलांतरे बिघडतात ती येथे. संच हलविला की मूळ वायरी आखूड पडतात, मग त्या कापून, सोलून, पीळ देऊन काळी टेप गुंडाळली जाते. नागपूर-चंद्रपूरकडील मे महिन्यात उन्हात उभ्या मोटारीच्या डॅशबोर्डमागे जी धग साठते, तिने या टेपचा डिंक पाघळतो, टेप उलगडते आणि उघडी तांब्याची तार कोठे तरी पत्र्याला टेकते. फ्यूज उडाला तर नशीब. कोणीतरी त्या फ्यूजच्या जागी जाड तार बसविलेली असेल, तर मात्र मोटारच पेट घेऊ शकते.

म्हणून मोटारीच्या मूळ वायरी कापूच नयेत. मूळ कनेक्टरमध्ये बसणारा जोड आणि त्याला हवी तितकी लांबी दिलेला तयार जुडगा मिळतो; मुंबईत लॅमिंग्टन रोडवर, पुण्यात पासोड्या विठोबाच्या परिसरात असे सुटे भाग व वायरी सहज मिळतात. जुडगा स्वतः करावयाचा असल्यास विजेच्या व अर्थच्या वायरींसाठी दीड चौरस मिलिमीटरची, स्पीकरसाठी पाऊण ते एक चौरस मिलिमीटरची तांब्याची तार घ्यावी. सांधे क्रिंप करून किंवा डाख देऊन त्यांवर उष्णतेने आकसणारी नळी चढवावी. सर्व सांधे एकाच जागी येऊ न देता मागेपुढे ठेवावेत, म्हणजे जुडगा जाड होत नाही आणि एखादे आवरण सरकले तरी दोन सांधे एकमेकांना भिडत नाहीत.

बाजारात मिळणाऱ्या संचांच्या वायरींचे रंग बहुतांशी ठरलेले आहेत. पिवळी वायर बॅटरीशी कायम जोडलेली, तिच्यावर घड्याळ आणि केंद्रांची स्मृती चालते. लाल वायर किल्ली फिरविल्यावरच जिवंत होणारी, काळी अर्थची, निळी एरिअलच्या मोटरसाठी किंवा ॲम्प्लिफायरसाठी. पांढरी डाव्या पुढच्या स्पीकरची, करडी उजव्या पुढच्या, हिरवी डाव्या मागच्या आणि जांभळी उजव्या मागच्या; त्यांच्या जोडीदार वायरींवर काळी रेघ असते. मोटारीकडील वायरींचे रंग मात्र प्रत्येक कंपनीचे निराळे. तेव्हा त्यांवर विश्वास न ठेवता बॅटरी तात्पुरती जोडून मल्टिमीटरने खात्री करावी आणि ती लगेच पुन्हा सोडवावी. किल्ली बंद असताना १२ व्होल्टच्या आसपास दाखवील ती कायमची, किल्ली फिरविल्यावर दाखवील ती दुसरी. काही युरोपीय मोटारींत या दोहोंच्या जागा नेहमीपेक्षा उलट असतात. किल्ली काढताच संच सारी केंद्रे विसरत असेल, तर कारण बहुधा हेच.

लांबविलेल्या पिवळ्या वायरीत, आणि तेही जेथून वीज घेतली त्या टोकाजवळ, फ्यूज असावाच. नेहमीच्या संचाला १० अँपिअरचा पुरतो. पात्याच्या फ्यूजमध्ये तो लाल रंगाचा असतो, १५ अँपिअरचा निळा. ‘५० वॉट गुणिले चार’ असे खोक्यावर छापलेले पाहून मोठा फ्यूज घालण्याचा मोह होतो. बारा व्होल्टवर १० अँपिअर म्हणजे १२० वॉट. त्या खोक्यावरील दोनशे वॉट क्षणिक शिखराचे असतात, हे या साध्या गुणाकारावरूनच उमगावे.

स्पीकरच्या वायरींबाबत एक पथ्य आहे. आजच्या संचांत स्पीकरची ऋण वायरही जिवंत असते. ती पत्र्याला टेकली तर संचातील ॲम्प्लिफायर जळू शकतो. जुन्या मोटारींत स्पीकरचे एक टोक थेट पत्र्याला जोडलेले आढळते, तेथे नवा संच लावण्यापूर्वी प्रत्येक स्पीकरपर्यंत दोन नव्या वायरी नेणे भाग आहे. कोणती वायर कोणत्या स्पीकरची, हे ओळखण्याची जुनी युक्ती आजही चालते : संचापासून सुटलेल्या दोन वायरींना दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवावा. ज्या स्पीकरमधून ‘खर्र’ आवाज येईल तो तिचा. सेलचे धन टोक बरोबर लागले असेल, तर पडदा बाहेर सरकतो. वाटेत वेगळा ॲम्प्लिफायर असल्यास मात्र हा प्रयोग करू नये.

एरिअल

रेडिओ वीस सेंटिमीटर हलविला तरी एरिअलची केबल आखूड पडते. ती वाढविण्यासाठी मोटारीचीच जोडकेबल घ्यावी. घरातील दूरचित्रवाणीच्या केबलचा तुकडा जोडू नये. कारण असे. मध्यम लहरींसाठी मोटारीचे एरिअल लहरीच्या मानाने फारच तोकडे असते आणि त्याच्यावर पकडलेला क्षीण संकेत केबलच्या धारितेमुळे आणखी क्षीण होतो. मोटारीची केबल मुद्दाम कमी धारितेची केलेली असते, दूरचित्रवाणीची तशी नसते. एफएमवर हा फरक फारसा जाणवत नाही. शंभर मेगाहर्ट्झची लहर तीन मीटर लांब, तिच्या चतुर्थांशाचे म्हणजे पाऊण मीटरचे एरिअल तिला पुरेसे. त्यामुळे शहरात एफएम ऐकून सारे ठीक वाटते आणि घाटापलीकडे आकाशवाणीचे मध्यम लहरींवरील केंद्र लावू गेले की नुसती खरखर ऐकू येते. जुन्या संचांच्या कडेला एरिअल जुळविण्याचा छोटा स्क्रू असतो. केबल बदलल्यावर १४०० किलोहर्ट्झच्या आसपासचे एखादे क्षीण केंद्र लावून तो स्क्रू आवाज सर्वाधिक मोठा होईपर्यंत हलकेच फिरवावा.

बसविणे आणि ऐकणे

आता कोठे खाच पाडण्याची वेळ येते. पुठ्ठ्यावर १८२ बाय ५३ मिलिमीटरचा आयत कापून तो जागेवर चिकटवावा, चालकाच्या आसनावर बसून पाहावे, शक्य तर एक दिवस तसाच राहू द्यावा. मग रेषेच्या आतल्या बाजूने कापून कानशीने माप गाठावे. पत्र्याची चौकट बसवून तिच्या जिभा वाकवाव्यात. संचाच्या मागील खुंटीला आधार देणे अनेकजण विसरतात. केवळ पुढच्या कडेवर तोललेला संच आपल्या रस्त्यांवर महिनाभरात खडखडू लागतो. पत्र्याची सच्छिद्र पट्टी घेऊन मागचे टोक एखाद्या पक्क्या आधाराला बांधावे. मागे हवा खेळण्यास दोन बोटे जागा सोडावी. वायरी सुकाणूचा दांडा आणि पायाच्या कळी यांपासून दूर नेऊन प्लास्टिकच्या पट्ट्यांनी बांधाव्यात. लोंबणारी वायर ब्रेकच्या कळीत अडकली, तर रेडिओचा प्रश्न दुय्यम ठरतो.

पूर्ण आवळण्यापूर्वी बॅटरी जोडून ऐकून घ्यावे. एअरबॅगचा आणि अन्य इशाऱ्यांचे दिवे किल्ली फिरविल्यावर उजळून विझतात का, हे आधी पाहावे; गाणे नंतर. इंजिनाचा वेग वाढविताच शिट्टीसारखा सूर वाढत असेल, तर दोष बहुधा अर्थचा. काळी वायर रंग खरवडलेल्या उघड्या पत्र्यावर घट्ट बसविल्यास, किंवा मूळ अर्थच्या वायरीलाच जोडल्यास, हा सूर बहुतेक वेळा नाहीसा होतो.

नव्या आणि फार जुन्या मोटारी

अलीकडील मोटारींत हा खटाटोप करू नये. त्यांत संच हा रेडिओ राहिलेला नसून मागचा कॅमेरा, वातानुकूलन, मोटारीच्या मांडण्या हे सारे त्याच पडद्यातून चालते. किल्ली फिरविल्याची वर्दी वेगळ्या वायरीने न येता मोटारीच्या अंतर्गत संदेशजाळ्यातून येते. तेथे वायर लांबविणे म्हणजे साऱ्या जाळ्याशी छेडछाड होय, आणि हमीच्या काळात कापलेली वायर पाहून कंपनीने दुरुस्ती नाकारली, तर तक्रारीस जागा उरत नाही.

याउलट ॲम्बॅसिडर किंवा पद्मिनीसारखी गाडी कोणी जतन केली असेल, तर डॅशबोर्ड न कापता नवा संच ग्लोव्ह बॉक्समध्ये दडविणे हाच योग्य मार्ग. ॲम्बॅसिडरचे उत्पादन २०१४ साली थांबले, मुंबईची शेवटची काळीपिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली; त्यांचे धड डॅशबोर्ड आता मिळावयाचे नाहीत. १९६० च्या दशकापर्यंतच्या कित्येक ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचे धन टोक सांगाड्याला जोडलेले असे. आजचा संच तेथे डोळे झाकून लावला, तर तो पहिल्याच क्षणी जळेल. अशा गाडीत काम सुरू करण्यापूर्वी पत्र्याला बॅटरीचे कोणते टोक गेले आहे, ते डोळ्यांनी पाहून घ्यावे.

नवा संच महागाचा असल्यास विमापत्रात कंपनीने न बसविलेल्या विजेच्या उपसाधनांत त्याची वेगळी नोंद करवून घ्यावी. तशी नोंद नसल्यास चोरी झाल्यावर भरपाई मिळणे कठीण. काढलेली प्लास्टिकची कड, मूळ चौकट व स्क्रू एका पिशवीत घालून, कोणती वायर कोठे जोडली याच्या कागदासह, मोटारीतच ठेवावेत. पुढील वेळी डॅशबोर्ड उघडणाऱ्या इलेक्ट्रिशियनला त्या कागदाचा सर्वाधिक उपयोग होईल.